अमेरिकेत मुलीकडे कायमचे जाताना आरोग्य विमा कोणता घ्यावा?

निवृत्त_अधिकारी (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ६७ आहे, पत्नीचे ६३. मुलीने केलेल्या अर्जावरून आम्हा दोघांना अमेरिकेत कायम वास्तव्याचा व्हिसा मिळाला असून येत्या फेब्रुवारीत (२०२६) आम्ही न्यू जर्सीत तिच्याकडे राहायला जात आहोत. मुलीच्या कंपनीच्या योजनेत पती आणि मुले येतात, आईवडील येत नाहीत, त्यामुळे आमचा विमा आम्हालाच पाहावा लागणार आहे. मला उच्च रक्तदाब आहे आणि काही वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला आहे. पत्नीला मधुमेह असून उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आज ना उद्या करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे.

येथील एका एजंटाने पर्यटकांसाठी असलेली वर्षभराची पॉलिसी सुचवली आहे आणि तिचा हप्ता आम्हाला झेपण्यासारखा आहे. मुलीच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की पासष्टी ओलांडलेल्यांना तेथे मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, तेव्हा निदान माझी तरी काळजी नाही. तिसरा सल्ला असा की तेथे काहीच घेऊ नका. दर हिवाळ्यात भारतात येऊन तपासण्या आणि उपचार उरकून घ्या. तिघेही हितचिंतक आहेत, परंतु तिघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. शिवाय भारतातील जुनी पॉलिसी चालू ठेवावी की बंद करावी, हाही प्रश्न आहेच. आमचे उत्पन्न म्हणजे निवृत्तिवेतन, मुदत ठेवींचे व्याज आणि एका सदनिकेचे भाडे.

सातासमुद्रापार

काका, आधी मेडिकेअरचा गैरसमज दूर करतो, कारण त्यावर विसंबून आलेली बरीच कुटुंबे मी येथे पाहिली आहेत. वय ६५ झाले म्हणून मेडिकेअर आपोआप मिळत नाही. रुग्णालयाचा खर्च पाहणारा ‘पार्ट ए’ हा भाग विनाहप्ता मिळण्यासाठी स्वतः किंवा जोडीदाराने अमेरिकेत काम करून ४० तिमाहींचा, म्हणजे साधारण दहा वर्षांचा कर भरलेला असावा लागतो. मुलामुलींनी भरलेला कर आईवडिलांच्या खात्यात धरला जात नाही. आपल्याकडील नोकरीची वर्षेही तेथे मोजली जात नाहीत.

ज्यांच्याकडे या तिमाही नाहीत, त्यांना मेडिकेअर हप्ता भरून विकत घेता येते. मात्र त्यासाठी ग्रीन कार्डधारक म्हणून अमेरिकेत सलग पाच वर्षे वास्तव्य झालेले असावे लागते. म्हणजे तुमच्या बाबतीत २०३१ पर्यंत मेडिकेअरचा विचारच करायला नको. तेव्हा तुमचा प्रश्न खरे तर दोन निरनिराळे प्रश्न आहेत: पहिली पाच वर्षे काय करायचे, आणि त्यानंतर काय करायचे.

पर्यटकांच्या पॉलिसीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ती पाहुण्यांसाठी आहे आणि तुम्ही पाहुणे म्हणून येत नाही. तिच्यात आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. एजंट ज्या कलमाकडे बोट दाखवून ‘तेही यात येते’ असे सांगतात, ते कलम आधीच्या आजाराच्या ‘आकस्मिक उद्रेकाचे’ असते. त्याची व्याख्या पॉलिसीच्या शेवटच्या पानांत सापडते: उद्रेक अचानक आणि कोणतीही पूर्वसूचना न देता झालेला असावा, ठरावीक तासांच्या आत, बहुधा २४ तासांत, उपचार घेतलेले असावेत, आणि आजार हळूहळू बळावत जाणारा नसावा. स्टेंट बसवलेल्या माणसाला दोन दिवस छातीत जडपणा वाटत होता, असे रुग्णालयाच्या नोंदीत एकदा लिहिले गेले की हा दावा कसा तरेल, ते तुम्हीच पाहा. मधुमेहाची नेहमीची औषधे आणि गुडघ्याची नियोजित शस्त्रक्रिया तर या कलमात बसतच नाहीत. त्यातही ज्या पॉलिसीत प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कमच मिळते, ती घेऊच नये. तेथील बिलापुढे ती रक्कम नाममात्र ठरते.

शिवाय न्यू जर्सीत २०१९ पासून रहिवाशांना आरोग्य विमा बाळगणे बंधनकारक आहे आणि तो नसल्यास राज्याच्या कर विवरणपत्रात दंड भरावा लागतो. पर्यटकांची पॉलिसी त्या अटीत बसत नाही.

तटस्थ

पर्यटकांची पॉलिसी सरसकट टाकाऊ नाही. मार्केटप्लेसमधील, म्हणजे विम्याच्या सरकारी बाजारपेठेतील, विमा निवडल्यानंतर तो साधारणतः पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतो. विमान उतरल्यापासून त्या तारखेपर्यंतचे दिवस उघडे राहतात. तेवढ्यापुरती महिना-दीड महिन्याची सर्वसमावेशक पॉलिसी घ्यावी. वर्षभराची घेऊ नये.

सातासमुद्रापार

तटस्थ यांच्याशी सहमत आहे, तेवढ्यापुरती ती योग्य आहे.

आता मार्केटप्लेसविषयी. २०१० च्या कायद्याने उभी राहिलेली ही विम्याची सरकारी बाजारपेठ आहे. पॉलिसी खाजगी कंपन्यांच्याच असतात, पण त्यांना नियम पाळावे लागतात. आधीपासूनच्या आजारामुळे कंपनी विमा नाकारू शकत नाही, त्यासाठी जास्त हप्ता लावू शकत नाही आणि प्रतीक्षा कालावधीही ठेवू शकत नाही. भारतात पॉलिसी काढताना वैद्यकीय तपासण्या आणि घोषणापत्रे भरून दमलेल्या माणसाला हे पहिल्यांदा खरे वाटत नाही. स्टेंट आणि मधुमेह असूनही पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. वयानुसार हप्ता वाढतो, पण वयस्कर व्यक्तीचा हप्ता २१ वर्षांच्या व्यक्तीच्या तिपटीहून अधिक असू शकत नाही, आणि ६४ व त्यापुढील सर्वांचा वयोगट एकच धरला जातो. त्यामुळे केवळ वयामुळे होणारी हप्त्याची वाढ काकांच्या बाबतीत संपलेली आहे.

न्यू जर्सीची मार्केटप्लेस राज्य स्वतः चालवते. तिचे नाव ‘गेट कव्हर्ड न्यू जर्सी’ असे आहे. २०२६ च्या विम्यासाठी वार्षिक नोंदणीचा काळ १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी होता. तुम्ही फेब्रुवारीत येत असल्यामुळे तो हुकेल, परंतु परदेशातून नव्याने राहायला आलेल्यांना आगमनापासून ६० दिवसांची विशेष मुदत मिळते. ती चुकवली तर थेट पुढील जानेवारीपर्यंत थांबावे लागेल. प्रवासाचा शीण उतरल्यावर पाहू, सोशल सिक्युरिटी क्रमांक हाती आल्यावर पाहू, असे करत हे ६० दिवस बघता बघता निघून जातात. अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा.

जमाखर्च

मार्केटप्लेसच्या हप्त्यावर मिळणाऱ्या सरकारी अनुदानाबद्दल लिहितो, कारण सेवानिवृत्त स्थलांतरितांच्या बाबतीत निवड मुख्यतः तेथेच ठरते.

अनुदान कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावर मिळते आणि ते उत्पन्न अमेरिकेच्या केंद्र सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या टक्केवारीत मोजतात. २०२६ च्या विम्यासाठी दोन माणसांच्या कुटुंबाची रेषा २१,१५० डॉलर आहे. उत्पन्न या रेषेच्या १०० ते ४०० टक्के, म्हणजे २१,१५० ते ८४,६०० डॉलर असेल तर अनुदान मिळते, आणि हप्त्यातील स्वतःचा वाटा उत्पन्नाच्या सुमारे दोन टक्क्यांपासून सुमारे दहा टक्क्यांपर्यंत चढत जातो. २०२१ पासून मिळणाऱ्या वाढीव अनुदानाची मुदत २०२५ अखेरपर्यंतचीच होती, त्यामुळे जुन्या लेखांतील आकडे वापरू नयेत. न्यू जर्सी राज्याचे स्वतःचे थोडे अनुदान याखेरीज आहे.

आता दोन अडचणीच्या जागा पाहू. पहिली अशी की उत्पन्न १०० टक्क्यांच्या खाली असेल तर सर्वसामान्य नागरिकाला मेडिकेड (अल्प उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी विमा) मिळते, परंतु १९९६ च्या कायद्यानुसार नव्या ग्रीन कार्डधारकांना ते साधारणपणे पाच वर्षे मिळत नाही. पूर्वी अशा लोकांना मार्केटप्लेसचे अनुदान देऊन ती उणीव भरून काढली जात असे. २०२५ च्या जुलैत मंजूर झालेल्या कायद्याने ही सवलत १ जानेवारी २०२६ पासून काढून घेतली. परिणामी, वर्षाला २५,००० डॉलर उत्पन्न असलेल्या जोडप्याला भरघोस अनुदान मिळेल आणि १५,००० डॉलरवाल्याला शून्य. हे न्याय्य आहे की नाही हा प्रश्न वेगळा. नियम असा आहे. म्हणून निवृत्तिवेतन, व्याज आणि भाडे यांची नीट बेरीज करून आपण रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत हे निघण्यापूर्वीच पाहावे. भारतात करमुक्त असलेले व्याजही तेथे उत्पन्नातच धरले जाते. व्याज कोणत्या वर्षी हाती यावे यावर थोडाफार ताबा ठेवता येत असेल, तर तो कायदेशीरपणे वापरण्यात गैर काही नाही.

दुसरी अडचण करविवरणाची आहे. अनुदान हवे असलेल्या पतीपत्नींना संयुक्त विवरणपत्र भरावे लागते. ज्या वर्षी मध्येच स्थलांतर होते, त्या वर्षी संयुक्त विवरणपत्रासाठी दोघांनी संपूर्ण वर्षाचे रहिवासी मानले जाण्याचा पर्याय निवडावा लागतो, आणि मग विमानात बसण्यापूर्वीचे त्या वर्षातील भारतीय उत्पन्नही हिशेबात येते. अर्जात उत्पन्न कमी दाखवले आणि प्रत्यक्षात जास्त निघाले, तर घेतलेले जादा अनुदान परत करावे लागते. २०२६ पासून या परतफेडीला कमाल मर्यादाही उरलेली नाही. तेव्हा अंदाज करताना हात आखडू नये.

मुलीने तुम्हाला तिच्या विवरणपत्रात आश्रित दाखवावे, असा सल्लाही कोणी देईल. तसे केल्यास तुमच्या अनुदानासाठी मुलीचे आणि जावयाचे उत्पन्न मोजले जाते आणि अनुदान बहुधा संपते. त्या बदल्यात तिला माणशी ५०० डॉलरची करसवलत मिळते. हा सौदा तोट्याचा आहे.

निवृत्त_अधिकारी

सर्वांचे आभार. जमाखर्च यांच्या प्रतिसादानंतर बेरीज करून पाहिली. आमचे उत्पन्न वर्षाला २७,००० डॉलरच्या आसपास येते. म्हणजे आम्ही रेषेच्या वर आहोत. आता ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड या श्रेणींतून काय निवडावे? मुलीचे मत असे आहे की आजारपण जास्त आहे, तेव्हा गोल्ड घ्यावे.

रुग्णसेवा

मी एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात काम करते, त्यामुळे या विषयात विमा कंपनी आणि रुग्ण या दोघांचीही बाजू रोज टेबलावर येते.

धातूंची नावे उपचारांचा दर्जा सांगत नाहीत. सरासरी खर्चातील किती वाटा कंपनी उचलेल, एवढेच ती सांगतात: ब्रॉन्झमध्ये सुमारे ६० टक्के, सिल्व्हरमध्ये ७०, गोल्डमध्ये ८० आणि प्लॅटिनममध्ये ९०. पण तुमच्या उत्पन्नगटासाठी मुलीचा हा अंदाज उलटा ठरतो. दारिद्र्यरेषेच्या २५० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना हप्त्यावरील अनुदानाखेरीज आणखी एक सवलत मिळते, जी डिडक्टिबल (कंपनी पैसे देऊ लागण्यापूर्वी स्वतः भरायची रक्कम) आणि को-पे (प्रत्येक उपचारातील स्वतःचा ठरावीक वाटा) खाली आणते, आणि ती फक्त सिल्व्हर श्रेणीतच मिळते. उत्पन्न १०० ते १५० टक्क्यांत असेल तर तेच सिल्व्हर ९४ टक्क्यांचे होते. १५० ते २०० मध्ये ८७ टक्क्यांचे. त्यापुढे २५० पर्यंत ७३ टक्क्यांचे. दोन माणसांसाठी १५० टक्के म्हणजे ३१,७२५ डॉलर. तुमचे २७,००० त्याच्या आत आहेत, म्हणजे तुम्हाला सिल्व्हरच्या हप्त्यात प्लॅटिनमहून चांगली पॉलिसी मिळते. अशा वेळी गोल्ड घेणे म्हणजे जास्त पैसे देऊन कमी संरक्षण विकत घेणे होय. ब्रॉन्झ स्वस्त दिसते म्हणून तिकडे वळणारेही बरेच असतात. वर्षभर डॉक्टरकडे न जाणाऱ्या माणसाला ते चालेल, तुम्हा दोघांना नाही.

पॉलिसी पाहताना हप्त्याच्याही आधी ‘वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती’ हा आकडा पाहावा. २०२५ मध्ये कायद्याने ठरवलेली ही कमाल मर्यादा एका व्यक्तीसाठी ९,२०० डॉलर होती. सवलतीच्या सिल्व्हरमध्ये ती बरीच खाली येते. ही मर्यादा गाठल्यानंतर त्या वर्षातील नेटवर्कमधील, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांकडील, उपचारांचा पुढचा सगळा खर्च कंपनीचा. पर्यटकांच्या पॉलिसीत याच्या नेमके उलट असते: तेथे मर्यादा कंपनीच्या खर्चाला असते, तुमच्या खर्चाला नसते. दोन्हींतील खरा भेद हाच आहे, आणि तो हप्त्यांच्या तुलनेत दिसत नाही.

त्यानंतर नेटवर्क. न्यू जर्सीतील या बाजारपेठेतल्या अनेक पॉलिसींत तातडीचे उपचार वगळता नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचा एक पैसाही मिळत नाही. हृदयरोगतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि घराजवळचे रुग्णालय ही चार नावे कागदावर लिहून घ्यावीत, कंपनीच्या यादीत पाहावीत आणि नंतर त्या दवाखान्यांना फोन करून पॉलिसीचे पूर्ण नाव सांगून विचारावे. एकाच कंपनीची निरनिराळी नेटवर्के असतात. ‘आम्ही ती कंपनी घेतो’ हे उत्तर पुरेसे नाही. मुलगा दुसऱ्या राज्यात असेल आणि त्याच्याकडे तीन-चार महिने राहण्याचा बेत असेल, तर तेथे फक्त तातडीचे उपचार मिळतील हेही ध्यानात ठेवावे.

औषधांची बाब घरून निघण्यापूर्वीच पाहण्यासारखी आहे. भारतात मधुमेहासाठी सर्रास दिली जाणारी व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, व्होग्लिबोज ही औषधे अमेरिकेत मंजूरच नाहीत, आणि एका गोळीत तीन औषधे असलेली आपल्याकडची मिश्रणेही तेथे मिळत नाहीत. काकूंच्या गोळीच्या पाकिटावर छापलेली मूळ घटकांची नावे वाचा आणि भारतातील डॉक्टरांना पर्याय विचारून ठेवा. मेटफॉर्मिनसारखी जुनी औषधे बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त पायरीवर असतात. नव्या औषधांना मात्र वरची पायरी आणि बहुतेक वेळा पूर्वपरवानगी लागते. औषधांची ही यादी पॉलिसी निवडण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहता येते.

ये_जा

रुग्णसेवा, उपचारानंतर घरी येणाऱ्या कागदांविषयीही लिहाल का? आमच्याकडे पहिला कागद आला तेव्हा घरात एकच गोंधळ उडाला होता.

रुग्णसेवा

अवश्य. उपचारानंतर काही आठवड्यांनी विमा कंपनीकडून तपशिलाचा एक कागद येतो आणि त्यावर ‘हे बिल नाही’ असे ठळक छापलेले असते. त्यात ओळीने चार आकडे असतात: रुग्णालयाने लावलेली रक्कम, कंपनीशी ठरलेल्या दराने मान्य झालेली रक्कम, कंपनीने दिलेली रक्कम आणि तुमच्या वाट्याची रक्कम. पहिला आकडा पाहून छातीत धस्स होते, पण नेटवर्कमधील रुग्णालयाला तो आकारता येत नाही; ठरलेला दर त्याच्या अर्ध्याहूनही कमी असू शकतो. नंतर रुग्णालयाचे खरे बिल येते. त्यातील रक्कम या कागदावरील चौथ्या आकड्याशी जुळली तरच पैसे भरावेत. जुळली नाही तर दोन्ही कागद समोर ठेवून आधी रुग्णालयाला आणि मग कंपनीला फोन करावा. भूलतज्ज्ञाचे किंवा प्रयोगशाळेचे बिल निराळे येऊ शकते. त्यात गैर काही नाही.

आणखी एक संरक्षण आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे, नेटवर्कमधील रुग्णालयात तुमच्या नकळत नेटवर्कबाहेरचा डॉक्टर आला किंवा तातडीच्या वेळी नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले, तरी तुमच्याकडून नेटवर्कच्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही. रस्त्याने जाणारी रुग्णवाहिका मात्र या कायद्यात येत नाही.

ये_जा

आता तिसऱ्या सल्ल्याविषयी, म्हणजे ‘तेथे काही घेऊ नका, उपचार भारतात करा’. आम्ही दोघे वर्षातील काही महिने भारतात असतो आणि दातांची कामे, नियोजित तपासण्या भारतातच करतो. काकूंच्या गुडघ्याची शस्त्रक्रियाही भारतात करून घेता येईल, किंबहुना निघण्यापूर्वी उरकता आली तर उत्तम, कारण त्यानंतरच्या व्यायामोपचारांना काही आठवडे लागतात. परंतु हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, पडून मोडलेले खुब्याचे हाड यांना विमानाचे तिकीट काढेपर्यंत थांबवता येत नाही. १९८६ च्या कायद्याने अमेरिकेतील तातडीच्या विभागाला पैसे असोत वा नसोत, रुग्णाला तपासून स्थिर करावेच लागते, हे खरे आहे. पण स्थिर करणे म्हणजे फुकट उपचार नव्हेत, आणि बिल पाठोपाठ येतेच. तो बोजा व्यवहारात मुलीवर पडतो.

भारतातील पॉलिसीबद्दल माझे ठाम मत आहे की ती बंद करू नये. ती बहुधा भारतातील उपचारांचेच पैसे देते, म्हणून परदेशात निरुपयोगी वाटते. परंतु भारतभेटीत ती लागेल, आणि कधी कायमचे परतावे लागले तर तिची खरी किंमत कळेल. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची अट काढून टाकली आहे, तसेच आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे. तरीही सत्तरीत, स्टेंट असताना नवी पॉलिसी मागायला जाणे आणि जुनी चालू असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सलग पाच वर्षे पूर्ण झालेल्या पॉलिसीत, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचे कारण देऊन कंपनी दावा नाकारू शकत नाही. हे कमावलेले संरक्षण पॉलिसीत खंड पडल्याने जाते. २०२५ च्या जानेवारीपासून ज्येष्ठांचा हप्ता नियामकाशी चर्चा केल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटीही गेला आहे. वास्तव्याचा देश बदलल्याचे कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. विमा रक्कम थोडी कमी करून हप्ता हलका करता येतो का, तेही विचारा.

तटस्थ

एका मुद्द्यावर ये_जा यांच्याशी मतभेद आहे. शस्त्रक्रियेसाठी भारतात दीर्घकाळ राहण्याचा बेत ग्रीन कार्डाच्या दृष्टीने जपूनच करावा लागतो. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नागरिकत्वासाठीच्या सलग वास्तव्यावर प्रश्न उपस्थित होतो, आणि मेडिकेअर विकत घेण्यासाठीची पाच वर्षेही सलगच लागतात. उपचारांचा खर्च वाचवण्यासाठी केलेला लांबलचक मुक्काम पुढे महागात पडू शकतो.

ये_जा

हे मान्य आहे. मुक्काम सहा महिन्यांच्या बराच आत ठेवावा आणि जाण्या-येण्याच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात.

निवृत्त_अधिकारी

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी येथील डॉक्टरांकडे तारीख मागितली आहे. भारतातील पॉलिसी चालू ठेवतो. एक शंका उरते: पाच वर्षांनंतर मेडिकेअर घ्यावे, की मार्केटप्लेसमध्येच राहावे?

सातासमुद्रापार

तुमच्या बाबतीत याचे उत्तर तेव्हाच्या आकड्यांवर अवलंबून असेल, पण विचार कसा करायचा ते सांगतो. तिमाही नसलेल्या व्यक्तीला पार्ट ए चा हप्ता २०२५ मध्ये महिना ५१८ डॉलर होता, २०२६ साठी तो ५६५ आहे. डॉक्टरांचा खर्च पाहणाऱ्या पार्ट बी चा हप्ता १८५ वरून २०२.९० झाला आहे. म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला दीड हजार डॉलरहून जास्त, आणि त्यात औषधांचा पार्ट डी आलेला नाही. पार्ट ए साठी हप्ता भरावा लागणाऱ्या व्यक्तीला ते न घेता मार्केटप्लेसमध्ये अनुदानासह राहता येते. विनाहप्ता मिळणाऱ्याला ते अनुदान मिळत नाही. दोन्ही एकत्र ठेवण्याचा विचार करू नये. २७,००० डॉलर उत्पन्नावर सवलतीचे सिल्व्हर तेव्हाही उपलब्ध असेल, तर नुसत्या पैशांच्या हिशेबात ते पुढे राहील. मात्र पाच वर्षे झाल्यावर कमी उत्पन्नामुळे मेडिकेड किंवा मेडिकेअरचा हप्ता भरणाऱ्या राज्याच्या योजना तुम्हाला लागू होतात का, हे आधी तपासा. तसे झाले तर सगळे गणितच बदलते.

मेडिकेअरच्या बाजूने सबळ मुद्दा एकच: मूळ सरकारी मेडिकेअर ते स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे, देशभर चालते. दोन राज्यांतील मुलांकडे आलटून पालटून राहणाऱ्यांना त्याची किंमत मोठी आहे. त्यात पार्ट बी च्या खर्चातील २० टक्के वाटा तुमचा असतो आणि त्याला वरची मर्यादा नसते, म्हणून खाजगी मेडिगॅप पॉलिसी जोडून घ्यावी लागते. पार्ट बी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत कंपनीला प्रकृतीच्या कारणावरून मेडिगॅप नाकारता येत नाही. नंतर बहुतेक राज्यांत ती हमी राहत नाही. स्टेंटवाल्याने ते सहा महिने वाया घालवू नयेत. पात्र झाल्यावर नोंदणीसाठी सात महिने मिळतात, आणि पार्ट बी उशिरा घेतल्यास उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे १० टक्के जादा हप्ता जन्मभर द्यावा लागतो. म्हणून २०३० च्या अखेरीस बसून एकदाच, दोन्ही बाजूंचे आकडे समोर ठेवून निर्णय घ्यावा. ‘नंतर पाहू’ हा पर्याय येथे फुकट नाही.

ये_जा

मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळजवळ कोठेही चालत नाही, ही भर घालतो. मेडिगॅपच्या ‘जी’ आणि ‘एन’ यांसारख्या काही प्रकारांत परदेशप्रवासातील तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च, २५० डॉलर डिडक्टिबलनंतर, मिळतो. पण तो प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंतच.

निवृत्त_अधिकारी

शेवटचे विचारतो. दात आणि डोळे यांचे काय? पत्नीच्या मधुमेहामुळे डोळ्यांची तपासणी दरवर्षी करावी लागते.

रुग्णसेवा

मधुमेहामुळे करायची दृष्टिपटलाची तपासणी हा वैद्यकीय उपचार धरला जातो, त्यामुळे ती मुख्य पॉलिसीतूनच होते. डॉक्टर नेटवर्कमधला आहे का, एवढे पाहावे. चष्म्याचा नंबर आणि प्रौढांचे दात मात्र मार्केटप्लेसच्या मुख्य पॉलिसीत सहसा येत नाहीत, मूळ मेडिकेअरमध्येही येत नाहीत. दातांची निराळी पॉलिसी मिळते, पण तिची वार्षिक मर्यादा इतकी कमी असते की मोठे काम असेल तर ते निघण्यापूर्वी भारतातच करून घ्यावे. येताना स्टेंटचे कार्ड, अँजिओप्लास्टीचा अहवाल, लसीकरणाच्या नोंदी आणि दोघांच्या औषधांची मूळ घटकनामांसह इंग्रजीत टंकलिखित केलेली, डॉक्टरांची सही असलेली यादी हातातल्या पिशवीत ठेवा. तीन महिन्यांची औषधे सोबत असू द्या, कारण नव्या डॉक्टरची पहिली वेळ मिळायला सहज सहा-आठ आठवडे लागू शकतात.